दीड अंश

हनुवटी टेकायची, कपाळ गार पट्टीला लावायचं.
करड्या पडद्यावर मधोमध एक ठिपका
आणि रेन्स्कची रोजची तीच सूचना:
ठिपक्यावरून डोळा हलवू नका, मेनेर बाउकेमा.

मग डावीकडे खाली, नजरेच्या कडेला,
पाव सेकंद उमटतात रेघा,
कडा विरलेल्या, मऊ,
धुऊन धुऊन झिजलेल्या कॉर्डुरॉयचा तुकडा जणू.
डावीकडे कलल्या, की उजवीकडे?
बटणं दोनच.
चुकलं की यंत्र खोकतं.

फ्राउके अशीच खोकायची,
पाहुण्यांसमोर माझं काही चुकलं की.

पहिल्या दिवशी खोलीभर नुसता खोकला.
आठ अंश कल असला तर मला कळे,
सहाला मी मनातल्या मनात नाणं उडवायचो.
चौतीस वर्षं लोपर्सुममध्ये टपाल वाटलं,
नाकासमोर चालणारा माणूस मी,
आणि आता खोन्निंगनला येऊन
दिवसातून आठशे वेळा
सरळ म्हणजे काय ते सांगायचं,
ताशी दहा युरो आणि मशीनच्या कॉफीवर.

चौथ्या दिवशी काही नाही.
पाचव्या दिवशी काही नाही, वर मान आखडली.
त्या रात्री झोप लागली. गाढ.
ती गेल्यापासून अशी लागली नव्हती.
आणि सहाव्या सकाळी रेघा
आपणहून सांगू लागल्या.
मी काही ओळखत नव्हतो, अंदाज बांधत नव्हतो,
दिसत होतं.
पाच अंश. तीन. अडीच.
अकराव्या दिवशी दीड.

रेन्स्क म्हणाली, डोळे तेच आहेत तुमचे,
चष्म्याचा नंबरही तोच.
शिकलंय ते मागे, डोक्याच्या मागच्या भिंतीशी.
आणि हे शिकणं मोठं हट्टी:
तोच कोपरा, तोच कोन.
रेघा उजवीकडे वर नेल्या
तर मी पुन्हा पहिल्या दिवसाचा म्हातारा.
एवढ्या मोठ्या जगात
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेला
धार लागलीय माझ्या.
काय करायचं तिचं?

घरी आलो. वाटाण्याचं सूप गरम केलं.
माझ्या खुर्चीवर अकरा दिवसांची वर्तमानपत्रं,
म्हणून तिच्या खुर्चीत बसलो.
समोर भिंतीवरचं घड्याळ. किती वाजले पाहिलं,
आणि सवयीनं नजर तिथेच खिळली.

डावीकडे खाली
स्वयंपाकघराची चौकट.

दोन वर्षं सांगत होती ती.
दार आपोआप उघडतं, एप्पो.
वाटाणा सांडला की नेहमी चुलीकडेच पळतो.
खालून गॅस उपसतात, जमीन हलते,
शेजारच्या भिंतींना टेकू लागले,
आपल्याकडे तपासनीस आला, टॅबलेटवर बोट फिरवलं,
म्हणाला, जुनं घर आहे, थोडं बसणारच.
मी त्याला कॉफी दिली.
तिला म्हटलं, झालं ना आता समाधान?
या खुर्चीत बसून ती घड्याळ पाहत राहिली.
वेळ पाहतेय, असं मला वाटायचं.

मान वळवून चौकटीकडे थेट पाहिलं.
सरळ. अगदी सरळ.
तीस वर्षं जिच्याकडे सरळ पाहिलं
ती सरळच दिसणार.
पुन्हा घड्याळाकडे.
कललेली. डावीकडे.
दोनापेक्षा कमी, एकापेक्षा जास्त.

ओळंबा आहे शेडमध्ये, तिच्या वडिलांचा,
पितळी, दोरा कुजलेला.
उठलो नाही.
सुपावर साय धरली.

मग मेणकापडावर
डाव्या अंगठ्यानं दाबलं, जिथे बटण असतं तिथे,
आणि थांबलो.

कुणी खोकलं नाही.